निळ्याचा त्याग

हवालदार पहिल्यांदा माझ्या दारात आले ते हातात इनॅमलची थाळी घेऊन. फौजेत जेवायला असते तसली, पांढरी, काठाला निळी रेघ असलेली. रविवारची सकाळ होती आणि मी नुकतंच पुरं झालेलं चित्र भिंतीला टेकवून, चार पावलं मागं सरकून, स्वतःवर खूश होत उभा होतो. चित्रकलेतलं हे एक काम मला पहिल्यापासून चांगलं जमतं.

"मास्तर, तुमचं रंग पायजे हुतं," ते म्हणाले. "उसनं. म्हयनाभर."

ऐन चैत्रात अंगात खाकी स्वेटर, पायात पॉलिश केलेले बूट, वय सत्तरीच्या पुढं. मला वाटलं, कुठल्या तरी देवळाच्या कमानीला रंग मागायला आलेत. मी आत जाऊन मुलांच्या परीक्षेतून उरलेल्या, वाळून दगड झालेल्या रंगाच्या बाटल्या आणल्या, त्यांच्या थाळीत ठेवल्या आणि चेहऱ्यावर दानशूर भाव आणला. त्यांनी एकेक बाटली उचलून शांतपणे उंबऱ्यावर परत मांडली.

"ह्ये न्हाई. रंग माझ्याकडं मायंदळ हायती. तुमी कंचं वापरता त्येवढं ह्या थाळीत लावून द्या. म्हयनाभर मी त्येवढ्यातच चित्रं काढणार. दुसऱ्या रंगाला हात लावनार न्हाई."

मी मूळचा मेढ्याचा, धो धो पावसाच्या हिरव्यागार मुलखातला. चित्रकलेची पदविका सांगलीत घेतली आणि नोकरी लागली इकडं कोरड्या माण तालुक्यातल्या एका हायस्कुलात. चित्रकलेचा शिक्षक म्हणजे गणिताचे सर रजेवर गेले की ज्याला वर्गावर पाठवतात तो माणूस. शिवाय फळ्यावर सुविचार लिहिणं आणि स्नेहसंमेलनाला थर्माकोलची अक्षरं कापणं. वीस वर्षं थर्माकोल कापता कापता मी मनातल्या मनात थोर चित्रकार झालो होतो. अडचण एवढीच, की ही बातमी दुसऱ्या कुणाला नव्हती. सांगलीत दर हिवाळ्यात कलाशिक्षकांच्या चित्रांचं प्रदर्शन भरतं, तिथून माझी चित्रं तीनदा परत आली होती. तिसऱ्यांदा निवड समितीतल्या एका गृहस्थांनी पाठीवर हात ठेवून सांगितलं, "हात चांगला आहे तुमचा. पण रंग काही तुमचे स्वतःचे वाटत नाहीत." त्या दुःखात मी आठवडाभर अन्नाला शिवलो नाही, असं मी सांगतो. बायको सांगते, अर्धी भाकरी कमी झाली होती, आणि ती पण एकाच दिवशी.

तर स्वतःचे न वाटणारे माझे सात रंग मी त्या थाळीत बोटबोटभर लावून दिले. त्यात तीन हिरवे होते आणि दोन निळे. मेढ्याचा माणूस दुसरं काय देणार?

हवालदारांची गोष्ट मला नंतर हळूहळू कळली. फौजेत ते पेंटर म्हणून भरती झाले. सतरा वर्षं त्यांनी गाड्या रंगवल्या, पेट्या रंगवल्या, पाण्याच्या टाक्या रंगवल्या, आणि सगळं एकाच रंगात. "सतरा वर्सं ऑलिव्ह ग्रीन, मास्तर. सपनात घरवाली आली तरी त्याच रंगाची यायची." पेन्शन घेऊन गावी आल्यावर त्यांनी चित्रं काढायला घेतली तेव्हा त्यांच्या लक्षात आलं, की आपण कुठलाही डबा उघडला तरी हात त्याच रंगाकडं जातो. हाताची ही खोड मोडायची म्हणून त्यांनी उसनवारी सुरू केली. महिनाभर दुसऱ्याचे रंग, मग महिनाभर स्वतःचे, मग पुन्हा दुसऱ्याचे.

आणि दुसरा म्हणजे चित्रकारच पाहिजे असं नव्हतं. बेंदराला बैलांची शिंगं रंगवणाऱ्याकडून त्यांनी हिंगूळ आणि बेगडाची चकाकी घेतली आणि त्या महिन्यात गावातली झाडंसुद्धा शिंगांसारखी लाल झाली. कासारणीच्या बांगड्यांचे रंग घेतले. मेंढरांच्या पाठीवर खुणेचे ठिपके मारतात ते घेतले. एकदा दोरीवर वाळत घातलेल्या बायकोच्या तीन लुगड्यांचे रंग घेऊन त्यांनी अख्खा डोंगर काढला आणि चारचौघांत सांगितलं, ह्यो आमच्या हिच्या लुगड्यांचा डोंगर. मामींनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं, दोन दिवस त्यांना नुसतं ताट सरकवून जेवायला वाढलं.

रंगांना नावं त्यांनी स्वतःची ठेवली होती. एक 'बिनदुधाचा', म्हणजे कोऱ्या चहाचा, एक 'आजारी लिंबू'. सरकारी कचेरीच्या भिंतीला असतो त्याला 'तहसीलदार', आणि धुऊन धुऊन विटलेल्या खाकीला 'पेन्शन'. "तहसीलदारात थोडं आजारी लिंबू पिळा," असं ते गंभीरपणे सांगायचे तेव्हा मला हसू आवरायचं नाही.

पण या सगळ्यात एक नियम होता आणि तो मामींच्या स्वयंपाकघरातून आलेला होता. आमच्याकडं शेजारून वाटीभर साखर उसनी आणली तर साखर परत करताना त्याच वाटीत चार शेंगदाणे, गुळाचा खडा, काहीतरी घरचं वर ठेवतात. नुसती मापाला माप परत करायची नाही. हवालदारांनी हे थाळीला लावलं. रंग परत करताना त्या माणसाकडं नसलेला, आपण स्वतः कालवलेला एक रंग काठाशी लावून द्यायचा. शिंगं रंगवणाऱ्याला त्यांनी 'पेन्शन' दिला होता. त्या गृहस्थानं तो पुढच्या बेंदराला एका बैलाला लावला आणि मालकाशी भांडण झालं, पण तो भाग वेगळा.

महिन्यानं ते माझ्या रंगांची थाळी परत घेऊन आले, काठाशी नियमाप्रमाणे त्यांचा एक मातकट रंग लावलेला. सोबत माझ्या शाळेचं एक चित्र. मी वाट बघत होतो की आता काहीतरी कौतुक होईल. त्यांनी चित्र खाली ठेवलं, डोळे बारीक केले आणि म्हणाले, "राग न्हाई ना यायचा?"

"छे, छे," मी म्हणालो. आला तर काय करायचं ते मी आधीच ठरवून ठेवलं होतं.

"तुमचं रंग मळकं हायती, मास्तर. आन ह्ये काय घेतलंय निळं म्हून? राख कालवल्यागत दिसतंय. जीवच न्हाई त्यात."

मला राग यायला हवा होता. पण सांगलीच्या गृहस्थांचं वाक्य अजून पाठीवर हात ठेवून उभं होतं. एक समितीवाला सांगतो रंग स्वतःचे नाहीत, एक फौजी सांगतो मळके आहेत. दोन साक्षीदार झाल्यावर आरोपीनं किती ताणायचं? मी त्याच दिवशी निळ्याच्या सगळ्या ट्यूबा एका पिशवीत घालून शाळेच्या कपाटात, तुटक्या नकाशांच्या मागं टाकल्या. मग हवालदारांच्या घरी गेलो आणि म्हणालो, "आता तुमचे रंग मला द्या. उसने."

ते इतके खूश झाले की त्यांनी मामींना चहा टाकायला सांगितलं आणि आपल्या थाळीत मोठ्या हातानं रंग लावून दिले. बिनदुधाचा, आजारी लिंबू, तहसीलदार, पेन्शन, आणखी दोन-तीन. सगळे पिवळ्या आणि कथ्थ्याच्या मधले. त्यांच्या घरातल्या भिंतीही तशाच चित्रांनी भरलेल्या होत्या. पिवळे डोंगर, तांबूस मेंढरं, हळदीच्या रंगाच्या मामी.

"निळा कुठं आहे यात?" मी विचारलं.

"हाय की." त्यांनी एका मातकट ठिपक्यावर बोट ठेवलं. "ह्यो काय. दिसत न्हाई व्हय?"

माझ्या अंगावर काटा आला. निळा न वापरता निळा दाखवायचा! मी घरी जाऊन वहीत लिहिलं, 'निळ्याचा त्याग.' खाली दोनदा रेघ मारली.

मग मी पावसाळाभर चित्रं काढली. अकरा झाली. सगळ्यांत आभाळ मातीच्या रंगाचं. बायको म्हणाली, "आवं, ह्ये उन्हाळ्यातलं हाय का वादळातलं?" मी तिला त्याग म्हणजे काय ते समजावून सांगितलं. ती म्हणाली, "आदी किराणा आणा." हवालदार मात्र प्रत्येक चित्र डोळ्यांजवळ धरून बघायचे आणि म्हणायचे, "करेक्ट! एकदम करेक्ट!" आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी माझं चित्र इतक्या जवळून बघत होतं. इतक्या जवळून का, हा प्रश्न मला पडला नाही.

दिवाळीला तर देवानं मला सरळ पुढ्यातच उत्तर आणून ठेवलं होतं. मी फराळाला गेलो तेव्हा मामी चांगल्याच रागावलेल्या. लेकीनं सणाच्या निमित्तानं त्यांना मोरपंखी साडी पाठवली होती, चांगली निळी, काठाला हिरवी झाक. ती नेसून त्या हवालदारांसमोर उभ्या राहिल्या, तर हवालदार म्हणाले, "सणासुदीला राखाडी कशापायी घेतली?"

"आवं मास्तर, ह्यास्नी दिसंना झालंय," मामी मला म्हणाल्या. "मी लय दिवस झालं म्हनतीया, डोळं दावा म्हून. तर म्हनत्यात, फौजी डोळा हाय. तुमी तरी सांगा. तुमचं ऐकत्यात त्ये."

इथं मी, रंगाचा पदविकाधारक जाणकार, मामींना काय म्हणालो ते लिहिताना आजही कानशिलं तापतात. मी म्हणालो, "मामी, तसं नाही ते. आपण साडी बघतो, ते साडीतलं सार बघतात."

मामींनी माझ्याकडं अशी नजर टाकली, की मी दुसरी चकली घेतली नाही.

हिवाळ्यात सांगलीला चित्रं पाठवली आणि अकराच्या अकरा घेतली गेली. मला बोलायलाही सांगितलं. मी वीस मिनिटं निळ्याच्या त्यागावर बोललो. दुष्काळी मातीची संवेदना, आभाळाकडं पाठ फिरवलेला माणूस, वगैरे. आभाळाकडं पाठ कुणी फिरवली होती देव जाणे, माणातला माणूस तर दिवसातून चारदा वरच बघतो. पण टाळ्या पडल्या. तेच पाठीवर हात ठेवणारे गृहस्थ पुढं आले, या वेळी त्यांनी माझे दोन्ही हात हातात घेतले. म्हणाले, "आता खरे तुमचे रंग सापडले!" आणि त्यांनी फाल्गुनात माझं एकट्याचं प्रदर्शन ठरवूनही टाकलं. एकट्याचं! वीस वर्षं ज्याची वाट बघितली ते दारात येऊन उभं राहिलं. निमंत्रणपत्रिका छापल्या, वर ठळक अक्षरांत 'निळ्याचा त्याग'. मी त्यातली एक आईच्या फोटोपुढं ठेवली आणि खरंच रडलो.

पौष संपता संपता तालुक्याच्या गावी डोळे तपासणीचं शिबिर भरलं. मामींनी हवालदारांना काय सांगून नेलं कोण जाणे, पण नेलं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू निघाला, पुरता पिकलेला. डावा डोळा लगेच करायचा आणि उजवा दोन महिन्यांनी, असं ठरलं.

पट्टी काढली त्याच्या दुसऱ्या दिवशी मी संत्री घेऊन गेलो. हवालदार अंगणात खुर्ची टाकून बसले होते. डॉक्टरांनी दिलेला काळा चष्मा मांडीवर काढून ठेवला होता आणि मान वर.

"मास्तर," ते म्हणाले, "आभाळ कवापास्नं असं हाय?"

मीही वर बघितलं. नेहमीचंच आभाळ होतं.

"ही बगा गंमत." त्यांनी डावा डोळा मिटला. "आता पिवळं." मग उजवा मिटला. "आता निळं. पिवळं. निळं. आन घरातल्या ह्या जेवायच्या थाळीला निळी कड हाय! पंचवीस वर्सं जेवतुया हिच्यात!"

मग त्यांनी मला हाताला धरून घरात नेलं आणि भिंतीवरच्या चित्रांपुढं उभं केलं. एक डोळा मिटत, दुसरा उघडत ते एकेका चित्रावरून गेले. "ह्या डोळ्यानं बघितलं तर बराबर. आन ह्या डोळ्यानं... आरारारा! मास्तर, समद्यावर चा सांडलाय जनू!" ते पोट धरून हसायला लागले. हसता हसता मामींच्या चित्राशी आले आणि थांबले.

"सा-सात वर्सं झाली की ह्याला," ते हळू म्हणाले. "ही बिचारी समदीकडं काविळीवानी पिवळी. आन मी सांगत हुतो लोकास्नी, बगा कशी सोन्यावानी आलीया."

मामी आतून म्हणाल्या, "आवं, मी कवाच म्हनत हुते. पर मास्तरांनी सांगितलं, त्ये सार बघत्यात म्हून."

धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं वाटलं. मला माणूस उसने रंग देत होता आणि मी त्याचा मोतीबिंदू घेऊन घरी गेलो होतो. शिवाय त्याच्या बायकोनं डोळे दाखवायला सांगितलं तर तिलाच गप्प बसवलं होतं. हवालदारांची सात वर्षं गेली त्यातले निदान तीन महिने माझ्या नावावर होते. आणि याच्या पलीकडं मला छळत होती ती दुसरीच गोष्ट, पत्रिका छापून झाल्या होत्या.

मी जे केलं ते भेकडाचं होतं. मी म्हणालो, "हवालदार, सांगलीला लांबचा प्रवास आहे. डोळ्यात धूळ जाईल. तुम्ही नका येऊ."

"माझं रंग भिंतीला लागनार, आन म्याच न्हाई यायचं?" ते म्हणाले.

ते आले. खाकी स्वेटर, पॉलिशचे बूट, काळा चष्मा. मामी मोरपंखी साडीत. मी व्यासपीठावर कागद घेऊन उभा राहिलो आणि बघितलं, तर हवालदार पहिल्या चित्रापुढं उभे, चष्मा कपाळावर, आणि डोळे आळीपाळीनं मिटताहेत. शेजारच्या बाईंनी विचारलं, असं का बघता? त्यांनी सांगितलं, "असं बघा. एक डोळा झाकून. मंग कळतंय." बाईंनी एक डोळा झाकला. त्यांच्यामागच्या प्राध्यापकांनी झाकला. पाच मिनिटांत सांगलीतली चाळीस-पन्नास सुशिक्षित माणसं माझ्या अकरा चित्रांपुढं एकेक डोळा मिटून उभी होती आणि "अच्छा, अच्छा" म्हणत होती.

तेवढ्यात हवालदारांनी माझ्याकडं बघून हात वर केला. त्या चेहऱ्यावर काही टोमणा नव्हता. ते नुसते आनंदात होते. तिथं मला माझा कागद वाचवेना.

"मंडळी," मी म्हणालो, "हे रंग माझे नाहीत. या हवालदारांकडून उसने आणलेत. आणि खरं म्हणजे त्यांचेही नाहीत. ते त्यांच्या मोतीबिंदूचे आहेत."

 आता सगळे उठून जातील, असं मी धरूनच चाललो होतो. मग प्राध्यापकांनी टाळी वाजवली, आणि सगळ्यांनी वाजवली. कुणीतरी उठून विचारलं, "म्हणजे आपल्या काळाच्या दृष्टीला आलेला मोतीबिंदू, असंच ना?"

"नाही हो," मी म्हणालो. "डाव्या डोळ्याला. उजव्याचा अजून काढायचाय."

हशा झाला आणि टाळ्या आणखी वाढल्या. सगळेजण मला बाहेरपर्यंत पोचवायला आले. आयुष्यात एकदाच खरं बोललो, आणि तेही माझ्या थोरवीत जमा झालं.

परतीच्या एसटीत हवालदार खिडकीशी बसून रस्ताभर ऊस बघत होते. मी मागच्या बाकावर हवालदारांची थाळी आठवत बसलो. ती आठ-दहा महिने माझ्याकडंच पडून होती. परत करायची तर नियमाप्रमाणे माझा एक रंग वर लावून द्यायला हवा. पण माझा म्हणावा असा रंग कुठला? चाळिशी ओलांडून गेल्यावर माणसाला स्वतःच्या वाटीत ठेवायला चार शेंगदाणे सापडू नयेत, याचं मला फार वाईट वाटलं. त्यात गंमत करण्यासारखं काही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी शाळेत गेलो, कपाटातले तुटके नकाशे बाजूला काढले आणि ती पिशवी शोधली. ट्यूबांची झाकणं चिकटून बसली होती. एक पकडीनं पिळली तर मानच तुटली. मग ब्लेडनं मागून चिरली आणि निघाला तेवढा निळा थाळीच्या काठाशी लावला. वर फडकं झाकून हवालदारांच्या घरी गेलो.

"उशीर झाला," मी म्हणालो.

त्यांनी फडकं काढलं. पिवळ्या-कथ्थई वाळलेल्या ठिपक्यांच्या शेवटाला तो ओला निळा होता. त्यांनी उजवा डोळा मिटला आणि डाव्यानं, नव्या डोळ्यानं, थाळी उजेडाकडं धरून बराच वेळ बघितलं. एक बोट लावलं, बोट बघितलं.

"ह्यो तुमचा?"

"हो. तुम्ही नेला होतात मागं एकदा, चैत्रात."

"न्हाई ओ. त्यो राखेवानी हुता."

"तोच हा."

हवालदारांनी डोळा बदलून बघितलं, आणि पुन्हा बदलून बघितलं. मग थाळी मांडीवर ठेवली आणि स्वेटरची बाही ओढत राहिले.

"म्हंजे मी तुमास्नी..." ते म्हणाले आणि थांबले. "आन तुमी त्यो टाकून दिला?"

मी मान डोलावली.

"लय चांगला रंग हाय, मास्तर," ते म्हणाले. "आसला म्या कुनाच्याच थाळीत बघितला न्हाई. कवापास्नं हाय तुमच्याकडं?"

"पहिल्यापासून," मी म्हणालो.